दाम मोजले, काम कुठे आहे?

(जिल्हा मेळाव्यातील दुपारच्या सत्रात झालेले भाषण)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता जेवणे आटोपली आहेत, ऊन चढले आहे, आणि अशा वेळी कायद्याचे भाषण म्हटले की निम्मा मंडप डुलक्या घेणार हे मला ठाऊक आहे. म्हणून मी कलमांपासून सुरुवात करत नाही. माझ्या विहिरीपासून करतो.

२०१८ सालची गोष्ट. माझी जमीन सहा एकर. चार एकर पऱ्हाटी, दीड एकर ज्वारी, उरलेल्यात तूर. विहिरीला पाणी बेताचे. ते मी एकाच कामासाठी राखून ठेवतो. पावसाने दगा दिला तर बोंडे भरण्याच्या वेळेला पऱ्हाटीला एक-दोन ओलित द्यायचे. कोरडवाहू माणसाची ती शेवटची ढाल. त्या वर्षी सप्टेंबरातच पाऊस निघून गेला. ऑक्टोबर संपता संपता सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ते तुम्हा सर्वांना आठवत असेल.

नेमकी त्याच वेळी माझी मोटर जळली. चार माणसे लावून ती विहिरीतून वर काढली आणि तालुक्याच्या गावी वायंडिंगच्या दुकानात नेली. मिस्त्री म्हणाला, साडेपाच हजार, पूर्ण तांब्याची तार, तीन दिवसांत देतो. तीन हजार आगाऊ दिले. तीन दिवसांचे नऊ झाले. राहिलेले अडीच हजार देऊन मोटर आणली, पाण्यात सोडली. दोन रात्री चालली. तिसऱ्या रात्री घुरघुरली आणि जळका वास आला.

परत दुकानात गेलो. मिस्त्री म्हणाला, 'काका, फेज गेली असेल, नाहीतर व्होल्टेज कमी असेल. माझे काम चोख होते. आता पुन्हा भरायची तर पुन्हा पैसे.' मी चिडून मोटर उचलली आणि दुसऱ्याकडे टाकली. त्याने उघडल्याबरोबर दाखवले. तार हवी त्यापेक्षा बारीक होती आणि वेढेही कमी होते. त्याने नवी वायंडिंग केली, सहा हजार दोनशे घेतले. जळलेली तार त्यानेच भंगारात घातली. या सगळ्यात ओलिताची वेळ निघून गेली. एरवी चार एकरांत वीस-बावीस क्विंटल कापूस घरी येतो, त्या वर्षी अकरा आला.

मग मी वकिलाकडे गेलो. भला माणूस होता, फी घेतली नाही. त्याने तीन गोष्टी विचारल्या. पावती आहे का? दुसऱ्या मिस्त्रीने काय पाहिले ते त्याच्याकडून लिहून घेतले का? जळलेली तार कुठे आहे? पहिल्याची चिठ्ठी म्हणजे वहीचा चतकोर कागद, त्यावर नुसता आकडा, ना नाव ना सही. दुसऱ्याचे तोंडी. तार भंगारात. वकील म्हणाला, 'तुमचा हक्क पक्का आहे. पण पुरावा तुम्ही भंगारात विकला.'

आज मला एवढेच सांगायचे आहे. हक्क आपल्याजवळ आहे. तो आपण हरतो तो कोर्टात नाही. मोटर दुकानात टाकतो त्या दिवशी हरतो, नाहीतर दुसऱ्या मिस्त्रीला ती उघडू देतो त्या दिवशी हरतो.

हक्क कुठे लिहिला आहे?

पहिला कायदा जुना आहे. भारतीय करार कायदा, १८७२. दीडशे वर्षांहून जुना, पण आजही चालू आहे. त्याचे कलम ७३ सांगते की करार मोडला तर मोडणाऱ्याने भरपाई द्यायची. त्या कलमाखाली समजावण्यासाठी उदाहरणे दिली आहेत, आणि त्यातले एक तंतोतंत आपले आहे. एका माणसाने घराच्या दुरुस्तीचे पैसे आगाऊ घेतले. दुरुस्ती केली, पण ठरल्याप्रमाणे केली नाही. तर ते काम ठरल्यासारखे करून घ्यायला जो खर्च येईल, तो घरमालकाला त्या माणसाकडून वसूल करता येतो. घराच्या जागी मोटर म्हणा, ट्रॅक्टरचे इंजिन म्हणा, फवारणीचा पंप म्हणा. न्याय तोच. म्हणजे माझे ते सहा हजार दोनशे कायद्याने पहिल्या मिस्त्रीने भरायचे होते.

करार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्टॅम्पपेपर येतो. तसे काही नाही. 'इतक्यात करून दे' आणि 'देतो' एवढ्या बोलण्यानेही करार होतो. स्टॅम्पपेपर नसला तरी करार असतोच. फक्त उद्या तो सिद्ध करायला काही तरी हाताशी लागते.

दुसरा कायदा ग्राहक संरक्षणाचा. पहिला १९८६ साली आला. आज लागू आहे तो २०१९ चा, २० जुलै २०२० पासून अमलात आलेला. या कायद्यात दाम घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि ती ठरल्याप्रमाणे नसली तर ती सेवेतील त्रुटी आहे. ध्यानात घ्या, पैसे पूर्ण दिलेले असलेच पाहिजेत असे नाही. थोडे दिले, बाकी कापूस विकल्यावर देतो म्हणून कबूल केले, तरी आपण ग्राहकच. आपल्याकडे अर्धे व्यवहार असेच चालतात. मात्र कोणी फुकट करून दिले असेल, तर ते या कायद्यात बसत नाही.

शेतकरी ग्राहक आहे का?

समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. म्हणतो, हा माणूस कापूस विकून पैसे कमावतो, याची मोटर धंद्यासाठी आहे, हा ग्राहकच नव्हे. कायद्यात 'व्यापारी हेतू'ने घेतलेली वस्तू-सेवा वगळली आहे हे खरे. पण त्याच कायद्यात खुलासा आहे. स्वतः राबून, स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेला वापर व्यापारी धरायचा नाही.

आणि शेतकऱ्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही बोलून ठेवले आहे. आंध्रातल्या शेतकऱ्यांना नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनकडून खराब बियाणे मिळाले. कॉर्पोरेशनने वर्षानुवर्षे भांडून सांगितले की हे लोक ग्राहक नाहीत. १६ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचाकडे जाता येते, असा निकाल दिला. खटला बियाण्याचा होता, पण 'शेतकरी म्हणजे व्यापारी' या युक्तिवादाला तो उत्तर आहे. मात्र कोणी चार ट्रॅक्टर ठेवून, ड्रायव्हर लावून भाड्यानेच चालवत असेल, तर त्याला हा खुलासा सहज लागू पडणार नाही. आपल्या शेतापुरत्या मोटरीची गोष्ट वेगळी आहे.

महाराष्ट्रात ग्राहकांची चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पण आपण तिच्याकडे शहरवाल्यांची गोष्ट म्हणून पाहत आलो. मिक्सर आणि फ्रिजवाल्यांचा कायदा, आपला काय संबंध! भावांनो, बाजारात शेतकरी दोनदा उभा राहतो. विकताना एकदा आणि घेताना एकदा. विकतानाच्या लुटीवर आपण बोलतो. घेताना मात्र 'जाऊ दे' म्हणून घरी येतो.

मोटर टाकण्याच्या दिवशी

आता कामाचे सांगतो. मोटर, इंजिन, पंप, काहीही दुरुस्तीला टाकाल त्या दिवशी दुकानदाराकडून बिलबुकावर किंवा साध्या कागदावर एवढे लिहून घ्या:

'दिनांक अमुक. ५ एचपीची मोटर, कंपनी अमुक, नंबर अमुक, दुरुस्तीसाठी घेतली. पूर्ण तांब्याची नवी वायंडिंग, बुश नवे. एकूण रक्कम इतकी, पैकी आगाऊ इतकी मिळाली. अमुक तारखेला तयार करून देणार. गॅरंटी इतके महिने. मोटर पऱ्हाटीच्या ओलितासाठी तातडीने हवी आहे हे सांगितले आहे. सही, दुकानाचा शिक्का.'

दहा ओळी आहेत. चहा येईपर्यंत लिहून होतात. मोटरीच्या पाटीवरचा नंबर जरूर लिहा, नाहीतर उद्या 'ही मोटर माझ्याकडची नाहीच' असे ऐकावे लागते. पैसे शक्यतो फोनवरून द्या, म्हणजे बँकेत नोंद राहते. रोख दिले तर सही घ्या. आणि मिस्त्रीने पावती द्यायला नकार दिला तर त्याला सांगा की सेवा दिल्यावर बिल न देणे हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे.

काही दुकानांत पाटी असते, 'दुरुस्त केलेल्या मालाची जबाबदारी नाही.' ती वाचून घाबरू नका. पाटी लावली म्हणून आयोगाचे दार बंद होत नाही.

काम फसल्यावर

मोटर पुन्हा बंद पडली की आपला हात आधी स्टार्टरकडे आणि मग शिवीकडे जातो. तिसरीकडे न्या, कागदाकडे.

पहिले काम, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. स्टार्टरचा, मोटरीचा, डीपीचा फोटो काढा. त्या रात्री शेजाऱ्यांच्या मोटरी चालू होत्या का, ते विचारून ठेवा. एकाच डीपीवरच्या बाकीच्या मोटरी ठणठणीत असतील तर 'व्होल्टेजने जळली' या उत्तराचा जोर ओसरतो. आणि खरोखरच फेज गेल्याने चार जणांच्या मोटरी एका रात्रीत जळल्या असतील, तर मिस्त्रीच्या गळ्यात ते घालू नका. खोट्या दाव्याने खऱ्या दाव्यांची वाट बुजते.

दुसरे काम, पहिल्या मिस्त्रीला संधी द्या, पण लेखी द्या. कायदा नुकसान सोसणाऱ्यालाही विचारतो की नुकसान कमी व्हावे म्हणून तू काय केलेस? म्हणून हात बांधून बसू नका आणि घाईने मोटरही उघडू नका. ओलिताची घाई असेल तर दोन दिवसांची मुदत द्या, फोनवर संदेश पाठवून ठेवा.

तिसरे काम सगळ्यात महत्त्वाचे. दुसऱ्याकडे मोटर उघडायची तर दोन शहाण्या माणसांसमोर उघडा. पहिल्या मिस्त्रीलाही बोलवा. तो आला नाही तर बोलावल्याची नोंद ठेवा. उघडताना फोटो काढा. काय दिसले ते दुसऱ्या मिस्त्रीकडून लिहून घ्या. तार किती गेजची निघाली, तांब्याची की ॲल्युमिनियमची, नवे म्हणून सांगितलेले बुश नवे आहेत का, आणि त्याच्या मते मोटर का जळली. खाली त्याची आणि दोघांची सही. जळलेली तार पोत्यात भरा, तोंड शिवा, वर सह्यांची चिठ्ठी लावा आणि घरात ठेवा. तांब्याच्या भंगाराचे पाच-सातशे रुपये येतात म्हणून ती विकू नका. मी विकू दिली, आणि माझा सगळा दावा त्या पोत्यात गेला.

मग पत्र. वकीलच लागतो असे नाही. साध्या मराठीत लिहा. 'अमुक तारखेला इतके पैसे घेऊन आपण दुरुस्ती केली. अमुक दिवशी मोटर बंद पडली. उघडल्यावर असे आढळले. पंधरा दिवसांत रक्कम परत करा, नाहीतर काम नीट करून द्या. न केल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.' हे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळले आहे, तेव्हा पोस्टात 'रजिस्टर' शोधत बसू नका. अशी नोटीस दिलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, पण पुष्कळ भांडणे याच पायरीवर मिटतात.

आमच्या गावातल्या एका बहिणीचे सांगतो. नवरा नाही, पाच एकर एकटी करते. २०२३ च्या दिवाळीआधी तिने बोअरची मोटर भरून घेतली, आठव्या दिवशी जळली. पण तिने मोटर टाकतानाच वर सांगितली तशी चिठ्ठी लिहून घेतली होती. मोटर दोन साक्षीदारांसमोर उघडली, तार पोत्यात भरून ठेवली, पत्र टाकले. अकराव्या दिवशी मिस्त्री स्वतः गावात आला. मोटर फुकट भरून दिली आणि वर काढण्या-सोडण्याची मजुरीही दिली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. माझ्या आणि तिच्या गोष्टीत फरक एका कागदाचा आहे.

जिल्हा आयोग

पत्रानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पूर्वी याला मंच म्हणत. काही गोष्टी लक्षात ठेवा.

तक्रार आपल्या जिल्ह्यातच करता येते. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी, आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली.

फी किती? सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही. मोटरीची दुरुस्ती पाच-सात हजारांची, म्हणजे फी शून्य. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तोवर प्रकरण जिल्ह्यातच चालते.

वकील हवाच असे नाही. स्वतः उभे राहता येते. तक्रार, प्रतिज्ञापत्र, चिठ्ठी, पैशाची नोंद, दुसऱ्या मिस्त्रीचे लेखी, फोटो, पत्राची पोच, एवढे जोडायचे. १ जानेवारी २०२५ पासून सरकारने ई-जागृती नावाची व्यवस्था सुरू केली आहे, तिच्यावर घरबसल्या तक्रार दाखल होते. घरातल्या शिकणाऱ्या पोराला बसवा. तक्रारीच्या आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

मुदत दोन वर्षे. कारण घडले त्या दिवसापासून मोजायची. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. दोन वर्षे हुकली आणि तीन व्हायची असतील, तर दिवाणी कोर्टाचा रस्ता उरतो. तिथे करारभंगाच्या भरपाईला तीन वर्षांची मुदत आहे. पण तिथे कोर्ट फी लागते आणि तारखाही लागतात.

किती दिवस लागतील? कायद्यात समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. निकालाचा प्रयत्न ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत. हे कागदावरचे. प्रत्यक्षात याहून वेळ जातो. आयोगासमोर दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीनेही मिटवता येते. तो मार्ग सुचवला तर लगेच नाही म्हणू नका.

आयोग काय देऊ शकतो? त्रुटी दूर करा, रक्कम परत करा, नुकसानभरपाई द्या, तक्रारीचा खर्च द्या, असे आदेश. आदेश पाळला नाही तर दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, आणि कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील.

आणखी एक दार आहे, तालुका विधी सेवा समितीचे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग यांना फुकट वकील मिळतो. दुष्काळाचा बळी ठरलेला माणूसही त्या यादीत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथूनच लोकअदालतीतही प्रकरण नेता येते. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा पक्का, त्यावर अपील नाही. तेव्हा सही करण्यापूर्वी दोनदा वाचा.

पिकाचे नुकसान मिळते का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात आहे. सहा हजारांच्या मोटरीपायी दहा क्विंटल कापूस गेला, त्याचे काय?

याचे उत्तर एका जुन्या खटल्यात आहे. १८५४ साली इंग्लंडात ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा तुटला. नमुन्यासाठी तो दांडा वाहतूकदाराकडे दिला. त्याने दिरंगाई केली आणि गिरणी तितके दिवस बंद राहिली. गिरणीवाल्याने बुडालेला नफा मागितला. न्यायालयाने दिला नाही. कारण या दांड्यावाचून गिरणी बंद पडून आहे, ही गोष्ट वाहतूकदाराला सांगितलेली नव्हती, असे न्यायालयाने धरले. आपल्या कलम ७३ मध्येही हेच तत्त्व आहे. जे नुकसान सहज होणारे आहे, किंवा करार करताना दोघांना ठाऊक होते, तेवढेच मिळते. दूरचे मिळत नाही. त्याच कलमाखालच्या एका उदाहरणात गिरणीवाल्याने आधीच सांगितले आहे की या यंत्रावाचून माझी गिरणी थांबली आहे. त्याला गिरणी बंद राहिल्याचा सरासरी नफा मिळतो. पण त्याच सुमारास हातचा गेलेला सरकारी ठेका मात्र मिळत नाही.

म्हणून मी चिठ्ठीत ती ओळ घातली, 'मोटर पऱ्हाटीच्या ओलितासाठी तातडीने हवी आहे हे सांगितले आहे.' ही ओळ नसेल तर पिकाची भरपाई मागायला पाय टेकायला जागा नाही. ओळ असली तरी सगळे मिळेल असे नाही. पेरा किती होता ते सातबारा आणि ई-पीक पाहणीवरून दाखवावे लागेल. मागच्या वर्षांच्या कापूस विक्रीच्या पट्ट्या लागतील. शेजारच्या, ओलित मिळालेल्या पऱ्हाटीचे उत्पन्न दाखवावे लागेल. आणि वेळेवर दुसरी सोय करण्याचा प्रयत्न केला, हेही दाखवावे लागेल. शेजाऱ्याची मोटर भाड्याने मागितली असेल तर त्याची नोंद ठेवा. मनाचा आकडा मोठा करून मागू नका. सिद्ध होईल तेवढाच मागा, म्हणजे मिळेल.

अडवणूक, पोलीस आणि सौर पंप

तीन लहान गोष्टी सांगून आटोपतो.

मिस्त्री मोटर अडवून ठेवतो. त्याला तसा हक्क आहे का? करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ठरल्यासारखे काम केले असेल तर त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क त्याला आहे. पण फक्त त्याच कामापुरता. मागच्या वर्षीच्या पंपाची बाकी आहे म्हणून यंदाची मोटर अडवता येत नाही. कापूस निघाल्यावर दे म्हणून त्याने उधारी कबूल केली असेल तरीही अडवता येत नाही. आणि वाद असूनही ओलितासाठी मोटर तातडीने न्यावीच लागली, तर पैसे द्या आणि बिलावर लिहा, 'काम मान्य नाही, हरकत नोंदवून रक्कम दिली.' दिलेल्या पैशाचा हक्क त्यामुळे सुटत नाही.

पोलिसांत जावे का? काम खराब झाले एवढ्याने गुन्हा होत नाही, आणि ठाण्यात ते तुम्हाला हेच सांगतील. पण तांब्याच्या नावाने जाणूनबुजून दुसरी तार घातली, आपले चांगले सामान काढून विकले, किंवा पैसे मिळूनही मोटर परतच दिली नाही, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम ३१८ फसवणुकीचे आणि ३१६ विश्वासघाताचे आहे. पूर्वी याला ४२० आणि ४०६ म्हणत.

तिसरे सौर पंपाचे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंप बसवला असेल तर पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा त्यातच आहे. त्या मुदतीत कोणी दुरुस्तीचे पैसे मागितले तर देण्याआधी कागद काढून वाचा. आधीच भरलेल्या पैशाचे काम पुन्हा पैसे देऊन करून घेऊ नका.

मिस्त्रीशी वैर नाही

शेवटचे. हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की आता तालुक्यातल्या प्रत्येक मिस्त्रीवर खटला भरायचा. तसे मुळीच नाही. तो मिस्त्रीही आपल्याच गावाचा पोरगा असतो. शेतीत भागत नाही म्हणून वायंडिंग शिकलेला असतो. रात्री अकराला फोन केला तर येतो, उधारीवर काम करतो. चांगले काम करणाऱ्याला चिठ्ठी लिहून द्यायची भीती नसते. त्या चिठ्ठीने त्याचाही बचाव होतो, कारण उद्या फेज गेल्याने मोटर जळली तर आपणही त्याच्यावर उगाच आळ घेऊ शकत नाही. चिठ्ठीची अडचण होते ती बारीक तार घालणाऱ्याला.

एकट्याने चिठ्ठी मागितली तर दुकानदार म्हणतो, 'विश्वास नाही का?' गावातल्या वीस जणांनी मागितली तर तो बिलबुकच छापून आणतो. म्हणून माझी विनंती आहे. आज इथून जाताना चिठ्ठीचा तो मजकूर वहीत उतरवून घ्या. गावात गेल्यावर ग्रामपंचायतीच्या भिंतीजवळ किंवा कृषी केंद्राच्या ओट्यावर वाचून दाखवा. वेचणी सुरू होण्याआधी, ओलिताची वेळ येण्याआधी दाखवा. मोटर जळल्यावर नव्हे.

माझी ती जळलेली तार भंगारात गेली. पोत्यात राहिली असती तर आज हे भाषण मी वेगळे केले असते. तुमची पोत्यात राहू द्या.